तीन लिप्या शिकणाऱ्या मुलांमधला डिस्लेक्सिया कसा ओळखायचा: बेळगाव सीमाभागातल्या पालक-शिक्षकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी शाळेत जाणारं मूल पहिल्या दोन-तीन वर्षांतच देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांना सामोरं जातं. ते वाचनात मागे पडलं की कारण आधीच तयार असतं: भाषांचा भार झाला. त्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. खरोखर डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची जन्मजात अडचण) असलेलं मूल 'मोठं झालं की येईल' म्हणून पाचवीपर्यंत तसंच राहतं. उलट घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, म्हणून अडखळणाऱ्या मुलावर उगाच शिक्का बसतो.

तीन लिप्या शिकल्याने डिस्लेक्सिया होत नाही. ही अडचण जन्मजात असते आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेली असते. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला असेल, तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. अडचणीचं मूळ डोळ्यांत नसतं. बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करून ओळखणं आणि ते अक्षरांशी चटकन जोडणं, इथे मूल अडतं. म्हणून डिस्लेक्सिया असेल तर ते मूल जी जी लिपी शिकतंय त्या प्रत्येक लिपीत त्याची खूण दिसते. अडचण एकाच भाषेत असेल, तर आधी ती भाषा मुलाच्या कानावर किती पडते ते तपासा.

शाळेआधीच्या खुणा

अंगणवाडीच्या वयात वाचनच नसतं, तेव्हा निदानही होत नाही. तरी लक्ष ठेवण्यासारख्या गोष्टी असतात. मूल उशिरा बोलू लागतं. 'हेलिकॉप्टर', 'चॉकलेट' अशा लांब शब्दांतले आवाज साडेचार-पाच वर्षांनंतरही आलटून-पालटून बोलतं. बडबडगीताची चाल येते, पण यमकाचे शब्द निसटतात. वारांची नावं क्रमाने लागत नाहीत, ओळखीच्या रंगाचं नाव ऐन वेळी सुचत नाही. यातली एखादी गोष्ट कोणत्याही मुलात दिसेल. तीन-चार एकत्र दिसल्या आणि घरात वाचनाच्या अडचणीचा इतिहास असला, तर पहिलीच्या बाईंना ते आधीच सांगून ठेवा.

एका खुणेला मात्र लोक फार महत्त्व देतात: अक्षर किंवा आकडा उलटा काढणं. सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं ते करतात. एवढ्यावरून काहीही ठरवू नका.

पहिली ते तिसरीत नेमकं काय पाहायचं

इंग्रजीत डिस्लेक्सिया चुकांमधून लगेच दिसतो, कारण इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ बसत नाही. मराठी आणि कन्नड बऱ्याच अंशी बोलल्याप्रमाणे लिहिल्या जातात. त्यामुळे हुशार मूल धडपडत का होईना, बरोबर वाचतं. त्याची अडचण दिसते ती गतीत. एकेक अक्षर सुटं उच्चारत, शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरत ते वाचतं. तेच मूल धडा दुसऱ्या कुणी वाचून दाखवला की प्रश्नांची उत्तरं नीट देतं. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, ही दरी जितकी मोठी तितका संशय जास्त.

इथे धीरही हवा. देवनागरीत किंवा कन्नडमध्ये अक्षरांचा पूर्ण संच, म्हणजे मुळाक्षरं, बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून, मनात पक्का बसायला सर्वसाधारण मुलालाही तिसरी-चौथी उजाडते. पहिलीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता आलं नाही तर ती खूण नाही. दुसरीच्या शेवटी साधी काना-मात्रेची अक्षरं जमत नाहीत, आज पक्कं झालेलं अक्षर परवा पुन्हा नवं वाटतं, ही खूण आहे.

घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्यांत सगळीच मुलं चुकतात. वर्गातली बाकीची मुलं सावरल्यावरही हे मूल चुकतंय का, ते पाहा. वेलांटी आणि रफार यांचा वेगळा विचार करा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. 'गर्दी'मध्ये र् आधी बोलतो आणि चिन्ह पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातं. कन्नडमध्येही हा र् आधी बोलून त्याचं चिन्ह नंतर लिहितात, शिवाय जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन ओत्तक्षर बनून खाली उतरतं. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम जिथे वेगळे, तिथे डिस्लेक्सिया असलेलं मूल सर्वांत जास्त काळ अडकून राहतं.

भाषेमुळे होणाऱ्या चुका बाजूला काढा

सीमाभागात हे काम आधी करावं लागतं, आणि बाहेरून आलेल्या तपासनिसाला ते सहज जमत नाही.

मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण गिळतो: लिहितो 'घर', म्हणतो 'घर्'. कन्नडमध्ये तो पूर्ण उच्चारतात. मराठी घरातलं मूल कन्नड शब्दाचं शेपूट तोडून वाचतं आणि कन्नड घरातलं मूल मराठी शब्दाला शेवटी स्वर जोडतं, तेव्हा एका भाषेचा नियम दुसरीत गेलेला असतो. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार आहेत, मराठीत नाहीत. त्यामुळे मराठी मूल तिथे चुकणारच. कन्नड बोलणाऱ्या घरांतून ख-क, भ-ब, ढ-ड यांतला फरक बोलण्यातच पुसट असतो. आपल्या खेड्यांतून 'पाणी'चं 'पानी' आणि 'कोण'चं 'कोन' होतं. मूल जसं बोलतं तसंच लिहीत असेल, तर त्याचे कान आणि अक्षरं यांची जोडणी उत्तम चालली आहे. या चुका लाल शाईने मोजून संशय घेऊ नका.

श्रुतलेखनाचं एक उदाहरण घेऊ. वाक्य आहे: 'गर्दीत आजीचा हात धरून मी बसमध्ये चढलो.' तिसरीतल्या एका वहीत असं उतरलं समजा: 'गरदित आजिचा हात धरुन मि बसमधे चडलो.' बघताना चुका बऱ्याच वाटतात, पण मोठ्याने वाचा: वाक्य ऐकू येतं. रफार अजून शिकायचा आहे, ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे, 'बसमधे' आणि 'चडलो' बोलण्यातून आलं आहे. हे शिकवण्याचं काम आहे. दुसऱ्या वहीत उतरलं: 'गदीत आजच हा धन म बमसे चलो.' इथे आवाजच गळाले आहेत, 'हात'मधला त आणि 'धरून'मधला रू गेला, 'बसमध्ये'तला क्रम बदलला. मोठ्याने वाचूनही वाक्य जुळत नाही. अशा चुका आठवड्यामागून आठवडे, वेगवेगळ्या वाक्यांत आणि कन्नडच्या वहीतही दिसत असतील, तर पुढच्या पायरीवर जा. चुकांची संख्या मोजण्यापेक्षा आवाज टिकला की गळाला हे पाहिलं तर जास्त कळतं.

वर्गात करायची तपासणी

एका मुलाला साधारण २५ मिनिटं लागतात. शांत खोली, सकाळची वेळ, मूल जेवलेलं असावं. त्याच वर्गातल्या, साधारण तशाच घरच्या भाषेच्या चार-पाच मुलांकडूनही हेच करून घ्या. तुलनेला आपल्याच वर्गातली मुलं हवीत, पुण्या-मुंबईची नकोत.

आधी तोंडी. हे काम मुलाच्या सर्वांत पक्क्या भाषेतच करा. घरी कन्नड बोलत असेल तर कन्नड जाणणाऱ्या शिक्षकाने घ्यावं.

शब्दाचे तुकडे करून टाळ्या वाजवायला सांगा: टोपी, बटाटा, बाहुली. 'कमळ', 'चिमणी' असे शब्द टाळा, कारण ते बोलताना दोन तुकड्यांत पडतात आणि लिहिताना तीन अक्षरं होतात. मूल दोन्ही प्रकारे बरोबरच असतं आणि तपासणारा गोंधळतो. मग तुकडा काढायला सांगा: 'बटाटा'तला ब काढला तर काय उरेल? 'पुजारी'तला पु काढला तर? 'बाहुली'तला बा? असे दहा शब्द घ्या: पहिल्या दोन शब्दांवर करून दाखवा, नंतरचे आठ मोजा. यमक विचारा: गाडी, साडी, पोळी, यांत न जुळणारा कोणता? शेवटी अर्थ नसलेले शब्द एकदाच म्हणून तसेच म्हणायला लावा: टिमोगा, नापिसोरे, बेलुकाडी.

इंग्रजी पुस्तकांतल्या चाचण्या जशाच्या तशा आणू नका. 'कप'मधला नुसता क् काढायला सांगितलं तर मराठी-कन्नड शिकणारी चांगली वाचणारी मुलंही अडतात, कारण आपली लिपी व्यंजन आणि स्वर एकत्र अक्षरातच दाखवते. त्यावर नापास होणं इथे पुरावा नाही.

दुसरं, पटापट नाव सांगणं. एका कागदावर हात, फूल, गाय, चेंडू, घर ही पाच चित्रं उलटसुलट क्रमाने, एका ओळीत दहा अशा पाच ओळींत काढा, म्हणजे पन्नास होतात. आधी पाचही नावं येतात याची खात्री करा, मग डावीकडून उजवीकडे म्हणायला सांगून वेळ मोजा. तुलनेच्या मुलांपेक्षा दीडपट किंवा जास्त वेळ लागला तर नोंद घ्या.

तिसरं, वाचन. मुलाच्या इयत्तेहून एक वर्ष खालचा, त्याने न पाहिलेला उतारा घ्या. पाठ्यपुस्तकातला नको, कारण ही मुलं धडे पाठ करून वाचल्यासारखं करण्यात पटाईत होतात. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते लिहा. केंद्राच्या निपुण भारत कार्यक्रमात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द असं उद्दिष्ट आहे. मराठीत प्रत्ययांमुळे शब्द लांब होतात, म्हणून हा आकडा अंदाजापुरता धरा. त्यानंतर अर्थहीन शब्द वाचायला द्या: मगट, गिटो, दोमू, तेसाळ, पुळगी. ओळखीचे शब्द मूल अंदाजाने सोडवतं. इथे अंदाज चालत नाही, म्हणून सगळ्या तपासणीत ही पाच मिनिटं आम्हाला सर्वांत मोलाची वाटतात.

उतारा आणि श्रुतलेखन कन्नडमध्येही घ्या, पण मूल किती वर्षं कन्नड शिकतंय ते शेजारी लिहून ठेवा. इंग्रजी माध्यमात असून देवनागरी कधी शिकलंच नाही अशा मुलाची तोंडी चाचणी मराठीत आणि वाचन इंग्रजीत घ्यावं लागेल.

आणखी काय तपासायचं

कान आणि डोळे आधी. सर्दीनंतर कानात पाणी साठून ऐकू कमी येणं लहान मुलांत नेहमीचं आहे, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आणि चष्म्याची तपासणी यांचे कागद फाइलला लावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा मुलाचं नाव आवर्जून पुढे करा. रक्तक्षय, अपुरी झोप, मधेच काही सेकंद शून्यात पाहणं, हे डॉक्टरांना सांगा. शेवटची गोष्ट फिट्सचा एक प्रकार असू शकते.

हजेरीपट काढा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातलं मूल वर्षातले चार-पाच महिने शाळेबाहेर असेल, तर त्याला शिकायलाच मिळालेलं नाही. मराठीतून इंग्रजी माध्यमात आणि तिथून परत असा प्रवास झाला असेल तर तोही लिहा. लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा हा डिस्लेक्सियासोबत बऱ्याच मुलांत असतो; एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबवू नका.

बारा आठवडे शिकवून पाहा

तपासणीत अडचण दिसली की लगेच दवाखाना गाठण्याची गरज नाही, आणि स्वस्थ बसायचंही नाही. रोज २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, तीन-चार मुलांचा गट करून शिकवा. आठवड्याला चार-पाचच अक्षरं. अक्षर दाखवा, आवाज म्हणा, वाळूत किंवा पाटीवर लिहीत म्हणा, त्याच अक्षरांचे शब्द बनवा. दिसायला सारखी अक्षरं, घ आणि ध, एकाच आठवड्यात घेऊ नका. एक पक्कं झाल्यावर तीन आठवड्यांनी दुसरं. दर शुक्रवारी एक मिनिट वाचन मोजून तारखेसह लिहा. या काळात नवी लिपी सुरू करायची असेल तर वाचन-लेखन मागे ठेवून फक्त ऐकणं-बोलणं ठेवा.

संधी न मिळालेलं मूल यात भराभर वर येतं. डिस्लेक्सिया असलेलंही पुढे सरकतं, पण फार हळू, आणि सुट्टीनंतर घसरतं. नेमून दिलेली मदत मिळूनही अडचण किमान सहा महिने टिकली पाहिजे ही निदानाची मान्य अट आहे, त्यामुळे शुक्रवारच्या नोंदींची ही वही पुढे मानसशास्त्रज्ञाला हातात हवीच असते. एकच शब्द पन्नास वेळा लिहायला लावणं हा सराव नाही. मूल अक्षर न वाचता रेघांची नक्कल करतं. मारणं, वर्गात हसू करणं याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेच बंदी आहे.

औपचारिक निदान

शाळेसाठी चाळणी चाचणी हवी असेल तर 'डाली' नावाचा संच आहे. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तो भारतीय भाषांसाठी बनवला; त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, म्हणून सीमाभागाला तो विशेष उपयोगी आहे. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक अशा शिक्षकांनी भरायच्या प्रश्नावल्या आहेत, आणि पुढची सविस्तर चाचणी मानसशास्त्रज्ञाने घ्यायची असते. चाळणीत नाव आलं म्हणजे निदान झालं असं नाही.

तालुक्याच्या बीआरसीमध्ये (गट साधन केंद्रात) समावेशक शिक्षणासाठी नेमलेले बीआयईआरटी शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांच्याकडे लेखी नोंद करा आणि पोच घ्या. पुढे जिल्हा रुग्णालय म्हणजे बेळगावची बिम्स, धारवाडची डिमहान्स, गरज पडल्यास बेंगळुरूची निमहान्स, या दोन्ही मानसिक आरोग्याच्या संस्था. वाणी-भाषेची अडचण ठळक असेल तर म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था. जाण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: वाचनाची चाचणी मराठीत घेणारं कुणी आहे का? मराठी शाळेतल्या मुलाची वाचनचाचणी फक्त इंग्रजीत किंवा फक्त कन्नडमध्ये झाली तर तिचा निकाल मुलाच्या डिस्लेक्सियाबद्दल फारच थोडं सांगतो. मराठीत चाचणी बेळगावात जमली नाही तर कोल्हापूरला करून तो अहवाल जोडता येतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज मात्र राहत्या जिल्ह्यातच करणं सोयीचं.

मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असावा. अहवालावर नोंदणी क्रमांक पाहा. अहवालात बुद्धिमापन, वाचन, लेखन, आकलन, गणित, स्मरण आणि अवधान यांची स्वतंत्र नोंद हवी, चाचणीचं नाव आणि भाषा हवी. आपल्याकडे निमहान्सची अध्ययन अक्षमता चाचणी सर्वाधिक वापरली जाते. नुसतं 'बुद्ध्यांक अमुक, डिस्लेक्सिया आहे' असा अर्ध्या पानाचा कागद घेऊन परत येऊ नका. गोळी, टॉनिक, रंगीत काचेचा चष्मा यांनी डिस्लेक्सिया जात नाही. कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

प्रमाणपत्र आणि परीक्षा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) ही २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. आठ वर्षांची अट कागदाला आहे, मदतीला नाही. शिकवणं सहाव्या वर्षीच सुरू करा. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या) पोर्टलवर होतो आणि ते प्रमाणपत्र देशभर चालतं, म्हणून पुढे शिक्षणासाठी महाराष्ट्रात गेलं तरी पुन्हा काढावं लागत नाही. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते आधी पाहा. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं आणि अर्ज त्यावरच अडतो.

लेखनिक, जादा वेळ, भाषा विषयांतली सवलत यांसाठी अर्ज शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे जातो. लेखनिकाच्या केंद्रीय नियमांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. एसएसएलसीची (दहावीच्या परीक्षेची) तयारी नववीच्या सुरुवातीलाच करा: चौदाव्या वर्षीची फेरतपासणी त्याच सुमारास येते, आणि लेखनिकाला सांगून लिहून घेण्याची सवय मुलाला किमान दोन चाचणी परीक्षांत झालेली असावी लागते. हॉल तिकीट आल्यावर धावपळ केली तर सवलत हातात असूनही मूल ती वापरू शकत नाही.